जुना स्टॉपर रिटेन करायचा की सोडायचा?

गेल्या रविवारी आमच्या टीमची मिटिंग झाली, देवळाच्या मागच्या पडवीत, आणि जवळजवळ दोन तास वाद झाला तो अशा माणसावर जो त्या मिटिंगला नव्हताच. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहून समोरच्यांना अडवणारा. वय ४१. उजवा गुडघा दोनदा गेलाय, डाव्या पायाची हॅमस्ट्रिंग, मांडीच्या मागचा स्नायू, गेल्या वर्षी ओढली ती अजून थंडीत दुखते म्हणतो. सगळे त्याला दादा म्हणतात, त्याच्याहून मोठे असलेले पण दादाच म्हणतात, म्हणून मीही इथे तेवढंच म्हणतो.

विषय असा की तालुक्याची फुटबॉल लीग आता पॉइंटच्या ऑक्शनवर चालते. प्रत्येक टीमला तीन प्लेअर रिटेन करता येतात, म्हणजे स्वतःकडे ठेवता येतात, बाकीचे सगळे ऑक्शनला, आणि ऑक्शनच्या आधी दोन टीमना आपापसात ट्रेड करता येतो, आयपीएलमध्ये असतो ना तसा. तर शेजारच्या वाडीच्या टीमने निरोप पाठवला की तुमचा स्टॉपर आम्हाला द्या आणि आमचे दोन विंगर, कडेने पळणारे, घ्या, एक १९ चा, एक २१ चा. दोघंही सुसाट पळतात, मी बघितलंय त्यांना, खोटं कशाला बोलू. मिटिंगला पंधरा जण होते, अकरा म्हणाले द्या. मी उरलेल्या चौघांतला. तिथे मला नीट मांडता आलं नाही, आवाज चढले, कोणीतरी म्हणालं तू इमोशनल होतोयस, आणि ते माझ्या मनाला लागलं कारण मी भावनेवर बोलतच नव्हतो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आणि हा प्रश्न आमच्या वाडीपुरता नाहीच, मोठमोठ्या क्लबांना दरवर्षी हाच प्रश्न पडतो आणि हाताशी डॉक्टर, फिजिओ, डेटावाले सगळे असूनही त्यांचंसुद्धा चुकतं, दोन्ही बाजूंनी चुकतं.

आधी द्या म्हणणाऱ्यांची बाजू सांगतो, कारण ती फालतू नाहीये. शरीराचा हिशोब सरळ आहे. हॅमस्ट्रिंग एकदा गेली की परत जायची शक्यता वाढते, पुढची दुखापत कोणाला होणार हे ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे त्याला आधी झालेली दुखापत. गुडघ्यातली कूर्चा झिजली की ती काही परत पहिल्यासारखी भरून येत नाही, तिथे रक्त पोचतच नाही तर भरणार कशी. आणि वयाबरोबर पहिला जातो तो वेग, म्हणजे त्या पहिल्या पाच पावलांचा जो झटका असतो ना, तो. स्टॅमिना प्रॅक्टिसने टिकवता येतो, तो झटका नाही टिकत.

एकाने मिटिंगमध्ये बेल्जियमच्या डी ब्रॉयनाचं उदाहरण दिलं आणि ते मला खोडता आलं नाही. मँचेस्टर सिटीसाठी १० वर्षं खेळला, सहा वेळा इंग्लंडची लीग जिंकली, एकदा युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग, आणि २०२५ मध्ये क्लबने त्याला नव्या कराराची ऑफरच दिली नाही. त्याच्या मांडीचा स्नायू सारखा जात होता. २०२३ ची चॅम्पियन्स लीगची फायनल, इस्तंबूलला, तिथे पहिल्याच हाफमध्ये बाहेर आला, मग दोन महिन्यांनी नवीन सीझनच्या पहिल्याच मॅचला परत गेली, ऑपरेशन, पाचेक महिने बाहेर. मग इटलीच्या नापोलीने घेतला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंटरविरुद्ध पेनल्टी मारताना परत मांडी धरून बसला, गोल झाला आणि हा तसाच बाहेर, परत ऑपरेशन. म्हणजे ज्यांनी सोडला त्यांचा हिशोब बरोबर निघाला असंच म्हणावं लागेल.

लंडनच्या आर्सेनलला वेंगर मॅनेजर असताना तिशी ओलांडलेल्या प्लेअरला एकेक वर्षाचाच करार, असा जवळपास नियमच होता. त्यामुळे रॉबर्ट पिरेस २००६ ला स्पेनच्या विलारियालला निघून गेला कारण तिथे दोन वर्षं मिळत होती. लोक हळहळले, पण तिथे गेल्यागेल्या सीझनच्या सुरुवातीलाच त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि तो कित्येक महिने घरी. वेंगर निष्ठुर होता असं मला तेव्हा वाटायचं, आता नाही वाटत.

आणि टोरेस. स्पेनचा हा स्ट्रायकर काही म्हातारा नव्हता, २६ चा होता, पण या वादात तो हवाच. २०१० मध्ये गुडघ्याची ऑपरेशन्स झाली आणि ३१ जानेवारी २०११ ला लिव्हरपूलने त्याला चेल्सीला ५ कोटी पौंडांना विकला, तेव्हा इंग्लंडमधला तो रेकॉर्ड होता. लिव्हरपूलसाठी लीगच्या १०२ मॅचमध्ये ६५ गोल. चेल्सीसाठी ११० मॅचमध्ये २०. तोच माणूस, तीच पेनल्टी बॉक्स, फक्त तो पहिल्या पाच पावलांचा झटका गेला होता आणि त्याचा सगळा खेळ त्या झटक्यावर उभा होता. त्याच दिवशी लिव्हरपूलने सुआरेझ घेतला, त्याच्या अर्ध्याहून कमी पैशात, आणि पुढे त्याने गोलांचा कसा पाऊस पाडला ते सगळ्यांना माहितीये.

हे सगळं मान्य करून माझं म्हणणं एकच आहे. प्लेअर किती वर्षांचा आणि किती वेळा जायबंदी झाला हे दोन आकडे बघून ठरवू नका, त्याचा खेळ पायांत आहे की डोक्यात आहे ते आधी बघा. पायांतला असेल तर वेळेत सोडा, टोरेससारखा, भाव आहे तोवर सोडा, त्यात त्याचाही फायदा. पण डोक्यातला असेल तर तो सोडण्यात तुमचं नुकसान होतं ते तुम्हाला लगेच दिसत नाही, एप्रिलमध्ये मॅचेस लागल्या की दिसतं, जेव्हा तो समोरच्या टीमच्या जर्सीत उभा असतो.

पॉल मॅकग्राची गोष्ट आमच्या पोरांना माहितीच नाही, आणि या विषयावर त्याच्यासारखं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. मँचेस्टर युनायटेडचा स्टॉपर, आयर्लंडचा. गुडघे पूर्ण खलास, ऑपरेशनवर ऑपरेशन, वर दारूचा प्रश्न. १९८९ मध्ये २९ वर्षांचा असताना क्लब त्याला म्हणाला की तू खेळणं थांबव, निवृत्त हो, आम्ही पैसे देतो. त्याने ऐकलं नाही आणि अॅस्टन व्हिलाने त्याला चार लाख पौंडांत घेतला. व्हिलाने काय केलं बघा, त्याला प्रॅक्टिसच करू दिली नाही. म्हणजे आठवडाभर पोरं धावतायत आणि हा सायकल चालवतोय, नाहीतर आराम करतोय, आणि शनिवारी मॅचला उभा. असा तो सात वर्षं खेळला. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या सगळ्या प्लेअर्सनी मत देऊन त्याला वर्षातला सर्वोत्तम प्लेअर ठरवलं. आणि १९९४ ची लीग कपची फायनल व्हिलाने जिंकली, ३-१, समोर कोण तर मँचेस्टर युनायटेड. त्याच वर्षी वर्ल्ड कपला आयर्लंडने इटलीला १-० हरवलं, बाज्जिओची इटली, त्या मॅचचा व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा, मॅकग्रा धावताना फारसा दिसतच नाही, बॉल जिथे येणार तिथे आधीच असतो.

दुसरा पिर्लो, इटलीचा मिडफिल्डर. २०११ ला तो ३२ चा होता, आदल्या सीझनमध्ये दुखापतींमुळे अर्ध्या मॅचेस बाहेर. मिलानला वाटलं संपला, करार संपल्यावर फुकटात जाऊ दिला. युव्हेंटसने एक पैसा ट्रान्सफर फी न देता घेतला आणि पहिल्याच सीझनला एकही मॅच न हरता लीग जिंकली, तशी सलग चार वर्षं जिंकली, पिर्लो चारही वर्षं होता. मिलानने त्या वर्षी एका माणसाचा पगार वाचवला असेल, पण सगळी इटली समोरच्याच्या हातात दिली.

म्हणून मी मिटिंगमध्ये विचारलं होतं, आणि कोणी उत्तर दिलं नाही, की शेजारच्या वाडीला तो कशाला हवाय? ते काय वेडे आहेत का, दोन तरणी पोरं देऊन ४१ वर्षांचा लंगडणारा माणूस घ्यायला? त्यांच्याकडे पळणारे सात जण आहेत. मागे उभं राहून त्या सात जणांना कुठे उभं रहायचं ते सांगणारा एकही नाही. गेल्या वर्षी आमच्याविरुद्ध त्यांनी ते अंगावर अनुभवलंय. कोणताही ट्रेड आला की आपण आपल्याला काय मिळतंय ते बघतो, समोरच्याने आपल्यातलं काय हेरलंय ते बघत नाही.

गेल्या वर्षीची ती सेमी फायनल. भात कापून झालेल्या मळ्यातलं ग्राउंड, खुंट तुडवून तुडवून बसवलेले, तरी एका बाजूला कोपरा खोलगट आहेच, तिथे बॉल मरतो. त्यांचा तोच १९ वर्षांचा विंगर आमच्या लेफ्ट बॅकला सोडून निघाला, मी लाइनला होतो, मला वाटलं गोल झाला. दादा धावलाच नाही. उलट तीन पावलं मागे गेला, चालत, आणि त्या खोलगट कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. पोराने क्रॉस टाकायला बॉल पुढे ढकलला, बॉल त्या खोलगटात अडकला, एक क्षण, आणि दादाने तो नुसता पायाने बाजूला घेतला जसा काही त्यालाच पास दिला होता. मॅच झाल्यावर मी विचारलं की तुला कसं कळलं, तर बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून म्हणाला, "माझ्याच्यान धावूक होना नाय आता, पण बॉल खंय येतलो ता माका आधी कळता." सेकंड हाफच्या मध्यावर गुडघा अडकला म्हणून तो बाहेर आला. तोपर्यंत आमच्यावर एकही गोल नव्हता. शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन झाले.

आता यावर अकरा जण म्हणतात, बघ, म्हणजे तो पूर्ण मॅच टिकत नाही हे तूच सांगतोयस. हो, सांगतोय. पण त्याच गोष्टीतून मला दुसरं दिसतं, की पन्नास मिनिटं तो होता तेव्हा आम्ही वेगळी टीम होतो. टॉटनहॅमचा लेडली किंग असाच होता, एका गुडघ्यात कूर्चाच उरली नव्हती म्हणतात, शेवटची काही वर्षं आठवडाभर टीमबरोबर ट्रेनिंगच नाही, नुसता मॅचला यायचा आणि मॅच झाली की गुडघा सुजायचा. तरी क्लबने त्याला ठेवला, तो होता तेव्हाच २००९-१० ला ते चौथे आले आणि चॅम्पियन्स लीगला गेले. २०१२ ला ३१ व्या वर्षी थांबला. त्याला विकून कोणाला काय मिळालं असतं?

वयाचं तर मला कधीकधी हसू येत नाही, रागच येतो. आपल्या बाजूलाच बघा ना, आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा, आमच्यातले अर्धे जण एफसी गोवाच्या मॅचला फातोर्ड्याला जाणारे. स्पेनचा स्ट्रायकर कोरो तीन सीझन तिथे खेळला, आयएसएलच्या, म्हणजे आपल्या देशातल्या मोठ्या लीगच्या, ५७ मॅचमध्ये ४८ गोल, शेवटच्या सीझनला ३७ चा होता तरी १४ मारले. तो गेल्यावर क्लबने कोण आणला? इगोर अँग्युलो, वय ३६. आणि त्याने पहिल्याच सीझनला १४ गोल मारून गोल्डन बूट नेला. म्हणजे ज्यांना खेळ कळतो ते जन्मतारखेपेक्षा खेळच बघतात.

पण फातोर्ड्याचीच दुसरी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मार्च २०२३ ची आयएसएल फायनल, मोहन बागान आणि बेंगळुरू, २-२, मग पेनल्टी, बागान जिंकलं. कॅप्टन प्रीतम कोटाल, ट्रॉफी त्याने उचलली. आणि चारच महिन्यांनी, जुलैमध्ये, तोच प्रीतम केरळा ब्लास्टर्सला, बदल्यात सहल अब्दुल समद बागानला. २९ वर्षांचा, फिट, कॅप्टन, घरचा बंगाली पोरगा. क्लबच्या दृष्टीने तो स्वॅप बरोबर असेलही, सहल भारी प्लेअर आहे, मी त्यावर भांडत नाही. पण आपल्याकडे एखादा माणूस क्लबसाठी काय असतो आणि कागदावर काय असतो यातलं अंतर मला त्या दिवशी कळलं. आणि २०२५ मध्ये तर लीगच अडकून पडली होती, काही क्लबनी पगारच थांबवले, तेव्हा सगळ्यात जास्त कोणाचं अवघड झालं असेल? विशीतल्या पोराला पुढे वर्षं असतात. ३५ च्या, दोनदा ऑपरेशन झालेल्या माणसाची ती शेवटची दोन वर्षंच असतात, ती गेली की गेली.

बरं, मग ठेवायचा म्हणजे कसा? इथे मात्र मी न देणाऱ्या बाकी तिघांशीही सहमत नाही. त्यांचं म्हणणं आहे दादा आमचा मान आहे, त्याला रिटेन करा, कॅप्टन ठेवा, पोस्टरवर पुढे त्याचाच फोटो. मला हे विकण्याहून वाईट वाटतं. माणूस बेंचवर बसलाय, खेळत नाही, आणि तुम्ही त्याच्या नावावर पंचवीस टी-शर्ट विकताय, हा मान नाही. जुना करार तसाच पुढे ओढायचा आणि तो पूर्वीसारखा खेळेल अशी आशा करायची, मग खेळला नाही की त्यालाच बोलायचं, हे मी आमच्याकडे दुसऱ्या एका प्लेअरबाबत बघितलंय आणि तो माणूस नंतर ग्राउंडवर यायचाच बंद झाला.

ठेवायचा तर काम बदलून ठेवायचा. जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने मार्को रॉइसचं जे केलं तसं. रॉइसच्या दुखापती म्हणजे कहाणीच आहे, २०१४ च्या वर्ल्ड कपला निघायच्या आधी सरावाच्या मॅचमध्ये घोटा गेला आणि जर्मनी त्याच्याशिवाय जगज्जेती झाली. २०१६ चा युरोही गेला. तरी क्लबने बारा वर्षं धरून ठेवला. २०२३ ला एकच वर्ष वाढवून दिलं, त्याने कॅप्टनशिप स्वतः सोडली, कधी सुरुवातीला कधी सब म्हणून उतरायचा, आणि त्याच वर्षी टीम चॅम्पियन्स लीगच्या फायनलला गेली. हरले रियलकडून, पण तो वेम्बलीवर उतरला. मग निरोप घेऊन अमेरिकेला गेला. कोणाचं काही बिघडलं नाही.

आमच्या बाबतीत मी म्हणतो, तिसरा रिटेन दादा, पण लिहून ठेवा की तो एका मॅचला जास्तीत जास्त एक हाफ, आणि कुठला हाफ ते समोरची टीम बघून ठरेल. कडक ग्राउंडवर प्रॅक्टिस त्याने करायचीच नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वेळेवरची, म्हणजे किनाऱ्यावरची, वाळू ओली आणि सपाट असते तिथे चालायचं, बास. कॅप्टन दुसरा करा. आणि आमचा जो १७ वर्षांचा स्टॉपर आहे त्याला दर मॅचला सुरुवातीपासून खेळवा, दादा असो नसो, म्हणजे दादा उतरेल तेव्हा दोघं शेजारी असतील.

तो १७ वर्षांचा पोरगा हा खरं तर अकरा जणांचा सगळ्यात चांगला मुद्दा होता. जुना माणूस जागा अडवून बसला की नवीन पोर वाढत नाही, हे खरंय, आणि तसं होत असेल तर मी म्हणेन आजच द्या दादाला. पण परत मॅकग्राकडे बघा. १९९५-९६ ला तो ३५-३६ चा होता आणि त्याच्या दोन बाजूंना एहिओगू आणि साऊथगेट, दोघं विशीतले, व्हिलाने तीन स्टॉपर लावून परत लीग कप जिंकला. तोच साऊथगेट पुढे इंग्लंडचा मॅनेजर झाला. यूट्यूब बघून बॉल कसा मारायचा ते शिकता येतं, कधी मारायचा नाही हे शेजारी उभा असलेला माणूस ओरडून सांगतो तेव्हाच कळतं. आमच्या पोराला ते विंगर काय शिकवणार, ते तर पुढे पळत असतील.

एक गोष्ट मात्र आहे जी मला खरंच टोचते आणि तिच्यापुढे माझा सगळा युक्तिवाद लहान वाटतो. मोठ्या क्लबचा प्लेअर लंगडला तर त्याच्या मागे डॉक्टर असतात, इन्शुरन्स असतो. दादा होडीवर खलाशी आहे. हलत्या होडीत जाळं ओढायला उभं रहायचं तर पाय रोवून उभं रहावं लागतं, तिथे गुडघा पाहिजे, आणि तो गुडघा गेला तर ती लीगची गोष्ट रहात नाही, घरातल्या चुलीची होते. त्याचा स्वतःचा हिशोब ठरलेला आहे, त्याने मला एकदा सांगितला होता. एप्रिल-मे मध्ये मॅचेस, मग १ जूनला मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत, ते दोन महिने गुडघ्याला आराम द्यायचा, ऑगस्टला परत होडीवर. इतकी वर्षं असंच चाललंय. आणि एमआरआय काढायला गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला गेला तेव्हा येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाचा रोज त्याचा त्यानेच सोसला. आम्ही पंधरा जण दोन तास त्याच्या गुडघ्यावर बोललो आणि त्या गुडघ्यावर टीमने आजवर एक क्रेप बँडेज सोडून काही खर्च केलेला नाही. गेल्या वर्षी बक्षीस आलं त्याचे जर्सी आणि जेवण झालं. आधीच्या वर्षीचंही तसंच.

म्हणून माझी अट अशी आहे, ठेवा किंवा द्या, पण बक्षिसातले पहिले पैसे दुखापत झालेल्या प्लेअरच्या उपचाराला, मग जर्सी, मग जेवण. हे फक्त दादासाठी नाही, उद्या त्या १९ वर्षांच्या विंगरला घेतला आणि त्याचं लिगामेंट आमच्या खुंटांच्या ग्राउंडवर तुटलं तर? नऊ महिने जातात त्यात, ऑपरेशनचा खर्च वेगळा. तेव्हा त्याचीही मिटिंग घेऊन ट्रेड करणार का? आणि हे करायची तयारी नसेल तर दादाला खरंच सोडावं, शेजारच्या टीमलाही देऊ नये, त्याला सांगावं की बाबा तू आता लाइनला उभा राहून सांग, पायाला हात लावू नकोस.

काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. कारण मिटिंगनंतर चार दिवस झाले तरी त्याला कोणी काही बोललं नव्हतं, गावात उडत उडत मात्र सगळं त्याच्या कानावर गेलं होतं, मला तेच सगळ्यात चुकीचं वाटलं. डी ब्रॉयना असो की आमचा दादा, निर्णय काहीही करा, पण त्याला तो बाहेरून कळू नये. तो पडवीत पाय लांब करून बसला होता, जाळ्याला गाठी मारत होता, उजव्या पायाखाली दुमडलेलं पोतं. मी ट्रेडचं सगळं सांगितलं. अकरा-चार हेही सांगितलं. त्याने गाठ पूर्ण केली, दात लावून दोरा तोडला आणि म्हणाला, "ते दोगव पोरगे बरे आसत. घेवा. पण माका कोणी इचारूक नाय."

मी म्हटलं, आता विचारतोय.

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला एक हाफ चालेल, कॅप्टनशिप नको, आणि मे संपायच्या आत सगळ्या मॅचेस उरकायला पाहिजेत, यंदा लीग लांबली तर तो नाही. पैशाचं काही बोलला नाही, मीच बोललो, तर मान हलवून परत जाळ्याकडे बघायला लागला. निघताना हाक मारून म्हणाला, "त्या पोराक शनवारी सुकतीक वेळेर धाडून दी. उभो कसो रवता ता बगतंय."

मिटिंग परत रविवारी आहे. यावेळी दादाला बोलावलंय, आणि शेजारच्या वाडीला कळवलंय की उत्तर त्याच्यानंतर देऊ.